न मिटलेला हातमोजा

मी एक जुना चामडी हातमोजा आहे, बेसबॉलचा. एका कारागिराने मला दुहेरी दोऱ्याने शिवले आणि धुलाईघरात कामाला असलेल्या ताईंनी मला घेतले. ताई रोज अंघोळ झाली की आधी मला पुसत, मगच चहा पीत. सात वर्षांत हा नेम मोडला नाही. "यांच्या हातून झेल सुटत नाही," असे सगळे म्हणत. मित्रांनो, ते कौतुक मला माझेच वाटे.

त्या रविवारी आमच्या धुलाईघराच्या बायकांचा बेकरीच्या बायकांशी शेवटचा सामना होता. जिंकणाऱ्यांना वर्षभर मैदान, हरणाऱ्यांनी ट्रक उभे राहतात त्या खडीवर खेळायचे. धावा बरोबरीत होत्या. बेकरीची शेवटची पाळी, एक बाद, तिन्ही तळांवर, म्हणजे बेसवर, धावणाऱ्या उभ्या. तिसऱ्या तळावर ताईंच्या वहिनी.

"वन्सं, खडीसाठी जाड बूट बघून ठेवा हो!"

"आधी धाव तर काढा, वहिनी!"

तेवढ्यात चेंडू उंच उडाला आणि सावकाश ताईंच्या डोक्यावर आला. झेल इतका सोपा असला की धावणाऱ्या तळ सोडत नाहीत; पण चेंडू खाली पडला तर मारणारी मागून येते आणि सगळ्यांना पुढे पळावेच लागते. ताईंनी ठरवले, चेंडू मुद्दाम पाडायचा आणि गोंधळात दोघींना बाद करायचे. त्यांनी मला मिटलेच नाही. चेंडू माझ्या बोटांवर आपटून खाली पडला.

ही लबाडी चालू नये म्हणूनच 'इनफिल्ड फ्लाय'चा नियम आहे. अशा वेळी चेंडू हवेत असतानाच पंच मारणारीला बाद देतात. पंचकाका तसे ओरडलेही होते. ताईंना आपल्या डावाच्या नादात ते ऐकूच आले नाही.

वहिनी पळत सुटल्या. ताईंनी चेंडू शेवटच्या तळावरच्या इस्त्रीवाल्या मावशींकडे फेकला. मावशींनी तळावर पाय ठेवला आणि ओरडल्या, "बाद!"

"बाद कशी?" पंचकाका म्हणाले. "मारणारी आधीच बाद झाली. मागून रेटणारं कोणी नाही, म्हणजे यांना पळायची सक्ती नव्हती. मग नुसता पाय ठेवून भागत नाही, अंगाला चेंडू लावावा लागतो. धाव झाली."

मैदान गेले.

ताईंनी मला साबणाच्या पोत्यांमागे टाकले. चूक त्यांची, आणि कोपऱ्यात बसलो मी. आठ महिन्यांत चामडे तडकले.

शेवटी वहिनींनीच मला बाहेर काढले. "यानं तुमचं काय घोडं मारलंय, वन्सं?"

ताईंनी मला मांडीवर घेतले.

मित्रांनो, चुका माणसाच्या हातून होतात, देव त्या पोटात घालतो. त्यांचा राग मुक्या वस्तूवर काढू नका.

परवा खडीवर पुन्हा तसाच चेंडू उडाला. पंचकाकांनी मारणारीला बाद दिले. झेल घेण्याची काही गरज नव्हती. ताईंनी तो घेतला, दोन्ही हातांनी.