अंगचं ऊन

काचेतला पारा सरळ बघितलं तर दिसत नाही. नळी बोटांत जराशी फिरवावी लागते, उजेड एका बाजूनं यावा लागतो, आणि मग एकदम ती चांदीची बारीक तार लखकन दिसते — लाल खुणेच्या पलीकडं, चार-पाच रेघा पुढं, रोज असते तिथंच. राजमतीनं नळी फिरवली. तार नाहीशी झाली. पुन्हा फिरवली. आली. आज ती लावून बघायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. काल बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, की बाईंना काही झालेलं नाही, छाती स्वच्छ आहे, पोराला खुशाल जवळ घेऊ दे. तरी सकाळी डोळा उघडल्याबरोबर तिचा हात उशाखाली गेला, आणि नळी जिभेखाली गेल्यावरच तिला कळलं की आपण काय करतोय... आता ठेवलीच आहे तर राहू दे, म्हणून तिनं ती तशीच धरून ठेवली होती.

आणि पारा तिथंच होता. परवा तो तिथं होता तेव्हा रोग होता. आज तिथंच होता, आणि रोग नव्हता.

तिनं नळी झटकून लाकडी डबीत ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. ही मागल्या सोप्याची खोली. इथंच तिची नणंद शालन गेली होती, भूपालची धाकटी बहीण, लग्न ठरलेली, क्षयानं. तिचंही असंच झालं होतं म्हणत — आधी नुसती संध्याकाळची कणकण. म्हणून राजमतीला खोकला झाला आणि निपाणीच्या डॉक्टरांनी ही नळी देऊन, रोज संध्याकाळी बघत चला, असं सांगितलं, तेव्हा भूपालनं ती मोटारीतून बोरगावपर्यंत अशी आणली होती की जशी काही जैन बस्तीतली मूर्तीच. खोकला आला तसा गेला. पारा मात्र उतरेना. भूपाल कंदिलाजवळ नळी धरायचा, डोळे बारीक करायचा आणि ती परत डबीत ठेवायचा. मग एका संध्याकाळी आत्याबाई आल्या आणि त्यांनी तिच्या मांडीवरून जिन्नूला उचललं. सासू वाईट नव्हती. पोराला उचलताना त्या एवढंच म्हणाल्या, "शालनला मी शेवटपातूर जवळ घिऊन बसली गं. मला कळत न्हवतं तवा."

जिन्नू तेव्हा नुकता रांगायला लागला होता. दूध आटायला जितके दिवस लागायचे तितके लागले. तिचं ताट, तिचा तांब्या बाहेरच्या कोनाड्यात आले. भिंतीपलीकडून पोराचा आवाज यायचा — आधी रडणं, मग हसणं, मग एक दिवस आत्याबाईंच्या मागं दुडुदुडू धावणारी पावलं. तो चालायला लागला हे तिला असं ऐकून कळलं.

आणि खोटं काय सांगायचं — मग ती खरोखरच आजारी पडली होती. घाम यायचा. भाकरी घशाखाली उतरायची नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. पायरी चढताना छातीत धाप भरायची, आणि ती स्वतःशी म्हणायची, शालनलाही अशीच धाप लागत असणार. ते सगळं कुठून आलं होतं? काल डॉक्टरांनी तिच्या छातीचा काळा फोटो खिडकीसमोर धरला, तेव्हा तिनं मान वळवून तो पाहिला होता. फासळ्या, आणि मधे धूर भरल्यासारखं काहीतरी. आपल्या आत एवढी मोकळी जागा आहे, हे बघून तिला उगाचच भीती वाटली होती.

"मग ताप का उतरंना झालाय, डॉक्टर?" भूपालनं विचारलं.

"ताप नाहीच तो," म्हातारे डॉक्टर म्हणाले. "त्यांचं अंगच तेवढं आहे, पाटील. काही माणसं असतात अशी."

"पर नळीवर खूण हाय की. लाल."

डॉक्टर हसले. "पुष्कळ माणसांचा ताप मोजला कुणीतरी, आणि मधोमध एक खूण केली. त्या माणसांत तुमच्या ह्या बाई नव्हत्या. बोरगावचं कुणीच नव्हतं."

"म्हंजे रोग न्हाय?"

"आज तरी नाही."

आज तरी. हे दोन शब्द भूपालनं ऐकलेच नसावेत, कारण जिना उतरताना तो लहान पोरासारखा दोन-दोन पायऱ्या एकदम उतरला, खडेबाजारात त्यानं जिन्नूसाठी जरीची टोपी घेतली आणि तिला विचारत राहिला, तांबडी घेऊ का हिरवी, तांबडी का हिरवी... ती 'घ्या कुठलीबी' म्हणाली. ती मनातल्या मनात त्या माणसांना शोधत होती. कोण होती ती, कुठली? मोजताना ती रांगेत उभी होती का? त्यांत एखादी बाई असेल का, नुकती बाळंत झालेली, जिची तार जरा पुढं गेली म्हणून कुणी म्हणालं असेल, हिला सोडा, हिच्यानं हिशेब बिघडतोय...

माहेरी तिला शेगडी म्हणत. थंडीत बहिणी तिच्या कुशीत झोपायला भांडायच्या. आई म्हणायची, राजूच्या हातात ऊन आहे, हिनं विरजण लावलं की दही लवकर धरतं. थंडीत वासरू जन्मलं की त्याला पुसायला तिलाच हाक मारायचे. हे सगळं तिला गेल्या महिन्यांत एकदाही कसं आठवलं नाही? आठवलं असतं तर तिनं सांगितलं असतं का? अहो, मी पहिल्यापासून अशीच आहे. आणि कुणी विचारलं असतं, पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासूनच आजारी असशील... तर? तर मी काय म्हणणार होते?

"राजमती." दारात आत्याबाई होत्या. त्यांच्या हातात तिचं ताट होतं, राख-चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. "भायेर का बसलीस गं अजून? चल आत. डाक्टर सांगितलाय न्हवं, काय न्हाय म्हनून."

स्वयंपाकघरात त्यांनी ते ताट बाकीच्या ताटांच्या चळतीत घातलं. मग क्षणभर थांबल्या, ते पुन्हा काढलं आणि सगळ्यांत खाली ठेवलं. राजमतीनं ते पाहिलं. आपण पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

जिन्नू चुलीजवळ बसून लाटणं जमिनीवर आपटत होता. डोक्यावर तांबडी टोपी. ती गुडघ्यांवर बसली, हात पुढं केले. "ये की बाळा." त्यानं तिच्याकडं बघितलं — परक्या बाईकडं बघावं तसं, पण न घाबरता — आणि आत्याबाईंचं लुगडं धरलं. "जा, आई हाय ती," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्याला पुढं ढकलताना त्यांचीच बोटं त्याच्या दंडावर घट्ट झाली.

भूपाल तंबाखूच्या कामासाठी निपाणीला निघाला होता. जाता जाता मागच्या खोलीत गेला आणि डबी घेऊन आला. "ही डॉक्टरांची त्यांस्नी दिऊन येतो. सांजचं येतो मी. आता काय करायची हाय ती घरात?" त्यानं डबी कोटाच्या खिशात घातली. तिला वाटलं, थांबा म्हणावं. का, ते तिला कळेना. इतके दिवस तिच्याविषयी जे काही खरं होतं ते त्या नळीला माहीत होतं. आता ते कुणाला विचारायचं?

दुपारी ती अंगणाच्या कडेला बसली. कामाच्या बाया वाळलेली तंबाखू कुटत होत्या. भुकटी उडत होती. एक शिंकली, दुसरी खोकली, तिसरी डोळे पुसत हसली, आणि कुणाचं कुणाकडं लक्षही गेलं नाही. नवीन आलेली बाई पहिले काही दिवस ओकते, डोकं धरून बसते, मग बरी होते... बरी होते म्हणजे काय, तीही बाकीच्यांसारखी खोकायला लागते. आणि मी एक खोकला काढला तर घरातल्या भांड्यांचा आवाज थांबायचा. राजमतीला हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला, आणि तिनं पदर तोंडावर दाबला. कुणी पाहिलं नव्हतं. छाती धडधडत होती. मग मी बरी झाले की नाही? आजारी झालेच नव्हते तर बरी कशी होणार... आणि घाम तर आलाय.

तेवढ्यात जिन्नू आला. तिच्यासाठी आला नव्हता. झोपेनं पेंगत, आजीला शोधत, जी मांडी समोर दिसली तिच्यावर चढला आणि गाल टेकून झोपला. ती हलली नाही. पायाला मुंग्या आल्या, ऊन सरकत तोंडावर आलं, तरी हलली नाही. एवढंसं होतं ते किती जड झालं होतं. त्याच्या केसांना आता आत्याबाईंच्या लुगड्याचा वास होता.

दिवस कलल्यावर आत्याबाई हाक मारत आल्या; दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची होती. जिन्नू किरकिरत जागा झाला. त्यांनी त्याला उचललं, आणि त्यांचा हात त्याच्या पाठीवर थबकला. मग कपाळावर. मग पोटावर.

"पोराचं अंग तापलंय गं."

राजमती उठली. पायात अजून मुंग्या होत्या. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

काही नव्हतं. म्हणजे आपलाच एक तळवा दुसऱ्यावर ठेवावा तसं. कुठं आपलं संपतं आणि कुठं त्याचं सुरू होतं ते कळू नये, असं. आजवर तिनं ज्याच्या ज्याच्या कपाळाला हात लावला होता — आईच्या, बहिणींच्या, भूपालच्या — ते तिला गार लागलं होतं, माठाच्या पोटासारखं. हे गार नव्हतं. तान्हेपणी त्याचं कपाळ कसं होतं? तिला आठवेना. तेव्हा कुणी असा हात लावून बघितला नव्हता, नुसता लावला होता.

"आत्याबाई, माझ्या मांडीवर झोपला होता," ती म्हणाली. "माझंच ऊन लागलं असंल."

"असंल." आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "माझ्यापाशी व्हता तवर कवा असं झालं न्हवतं, एवढंच म्हनते मी." मग त्यांचा आवाजच बदलला. "भूपाल तर ती नळीबी घिऊन गेला. मला आता काय कळंना झालंय, राजमती. शालनच्या वक्ताला कळलं न्हाय, तुझ्या वक्ताला कळलं न्हाय. तूच बघ. तू आई हायेस. सांग, ताप हाय का न्हाय?"

आणि त्यांनी पोराला तिच्या हातांत दिलं.

जिन्नू रडला नाही. त्यानं तिच्या मंगळसूत्रात बोट अडकवलं आणि मान टाकली. तापलेलं पोर मान टाकतं. झोपेतून उठलेलं पोरही मान टाकतं. तिनं गाल त्याच्या कपाळाला लावला, मानेला लावला, मिटल्या डोळ्यांनी वाट पाहिली, की आतून काहीतरी सांगेल. आईला कळतं म्हणतात. आत्याबाई तिच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या, कालपर्यंत सगळं घर पाऱ्याकडं बघायचं तशा. तिला ओरडावंसं वाटलं, माझ्या हातावर विसंबू नका, माझ्या हाताला काही कळत नाही. ताप असेल तर? मी नाही म्हणावं, आणि असेल तर? पण बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं, की ती त्याला घट्ट, अजून घट्ट धरते आहे, आणि ताप नसू दे, नसू दे, असं म्हणणाऱ्या त्याच मनात, कुणापुढंही उच्चारता येणार नाही असं, दुसरंही काहीतरी चाललं आहे — की हे अंग असंच राहू दे, निवू नये. ह्या घरात मला गार न लागणारं एक तरी माणूस असू दे.