नखाएवढी जागा

"आल्झो, फ्राऊ साठे, आज लेझर करता येणार नाही," विभावरीच्या जबड्याखाली दिवा धरून डॉक्टर फोगेल जर्मनमध्ये म्हणाल्या. "इथे डाग पडलाय."

खुर्चीत ऐटीत रेललेली विभावरी ताडकन उठून बसली. गव्हाळ कातडीवर लेझरचे काळे डाग राहू शकतात, म्हणून दिवाळीनंतर डॉक्टरांनी जबड्याखाली नखाएवढ्या जागेवर आधी करून पाहिलं होतं. तेवढी जागा स्वच्छ भरली तर पूर्ण चेहरा, नाहीतर विषय बंद.

आणि विषय बंद करायची विभावरीची मुळीच तयारी नव्हती. कॉलेजात असताना मुरमांनी तिच्या गालांची पार चाळण केली होती. तेव्हापासून चेहऱ्यावर मेकअपचा थर दिल्याशिवाय ती कचरा टाकायलासुद्धा खाली उतरली नव्हती. जर्मनीत एर्लांगेनच्या बालवाडीत ती दिवसभर पोरं सांभाळायची. मध्यंतरी एका चिमुरडीने तिच्या गालाच्या खड्ड्यात बोट घालून, इथे काय होतं, म्हणून विचारलं. विभावरी खळखळून हसली आणि त्याच संध्याकाळी तिने डॉक्टरांची वेळ घेतली. "मला तर काहीच दिसत नाही," असं नवरा, चंद्रशेखर, म्हणाला, तेव्हा तिने ठणकावलं होतं, "तुम्हाला दिसावं म्हणून नाहीच करत आहे मी."

साताऱ्याहून राहायला आलेल्या सासूबाईंना, मनोरमाबाईंना, हे काही पटलं नव्हतं. "या वयात हे काय खूळ!" असं त्या रोज एकदा म्हणत. तरी सुनेला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून आज शाल गुंडाळून बरोबर आल्या होत्या.

"काय म्हणतेय गं ती?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्यांनी विचारलं.

"डाग पडलाय म्हणतात, आई. नाही होणार."

मनोरमाबाईंनी शालीचं टोक उगीचच बोटाला गुंडाळलं.

"तो डाग नाही गं," त्या म्हणाल्या. "हळद आहे."

"कसली हळद?"

"काल कामावरून येऊन तू सोफ्यावर डुलकी काढत होतीस ना? ती जागा लालसर दिसली. म्हटलं, जखम आहे, हळद आणि साय लावावी. जराशीच लावली हो."

"आई! काही लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"क्रीम लावायचं नाही म्हणाली होतीस. हळद म्हणजे काय क्रीम आहे?"

विभावरीने कपाळावर हात मारला आणि डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांनी ओल्या कापसाने ती जागा हलकेच पुसली. कापूस पिवळाधमक झाला. दोन-तीन बोळे झाल्यावर त्यांनी पुन्हा भिंग लावून पाहिलं. खाली कातडी नितळ होती. डॉक्टर हसत सुटल्या, मग बोट उगारून त्यांनी दटावलं, आता घरातलं काहीही लावायचं नाही. थोड्या वेळाने लेझरच्या खोलीत घेतो, असंही म्हणाल्या.

विभावरीला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं.

"विभा," मनोरमाबाई हळूच म्हणाल्या, "तिला एक विचारशील?"

"विचारते की. काय?"

"माझं होईल का म्हणून."

विभावरीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मनोरमाबाईंच्या तोंडावर लहानपणीच्या देवीचे व्रण होते. घरात सगळ्यांच्या ते इतके अंगवळणी पडले होते की मनोरमाबाईंना त्याचं काही वाटत असेल, हे लग्न होऊन या घरात आल्यापासून विभावरीच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. 'या वयात?' हा प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. तो गिळून ती लाजली, आणि स्वतःसाठी विचारावं तितक्या गंभीरपणे तिने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. हातमोजे काढून त्यांनी स्टूल पुढे ओढलं, परवानगी विचारली आणि मनोरमाबाईंचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. अंगठ्याने एकेक खड्डा चाचपायला सुरुवात केली.

मनोरमाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"तिला सांग विभा," त्या म्हणाल्या, "मला घाई नाही. नीट बघ म्हणावं."