तिसऱ्या मजल्यापर्यंतचा दम

जावयाला मारायला गेलेला सासरा जावयाच्याच पायाशी आडवा झाला, यापरती नामुष्की मुकादमानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मुकादम म्हणजे हमालांच्या टोळीचा मुकादम. कपाटं, फ्रिज, शिवणयंत्रं, एकदा तर अख्खी तिजोरी त्यानं पाठीवर घेऊन जिने चढवली होती. टोळीत त्याचा दरारा असा, की त्यानं नुसता घसा खाकरला तरी बिड्या विझायच्या. त्या दिवशी लेकीच्या शेजारणीचा फोन आला, "काका, आज हा माणूस तिला जिवंत ठेवत नाही," आणि हातातलं टेबल भर रस्त्यात टाकून मुकादम धावत सुटला. तीन मजले एका दमात चढला. दार लाथेनं उघडलं. आत जावई लेकीचे केस मुठीत धरून तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. मुकादमानं त्याची मान धरली, एक ठोसा नाकावर दिला, एक जबड्यावर, आणि पुढच्यासाठी हात मागं घेतला तो पुढं आलाच नाही. छातीवर तीच तिजोरी आणून ठेवल्यासारखं झालं. तो खाली बसला आणि कलंडला. शुद्ध मात्र गेली नाही, आणि तेच वाईट झालं. कारण जावयानं बाहीला नाकाचं रक्त पुसलं, वाकून नीट पाहिलं आणि सासऱ्याच्या बरगडीत सणसणीत लाथ घातली. मग सावकाश फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात त्यानं जगाला सांगितलं, सासरे भेटायला आले होते, बोलता बोलता छातीत कळ आली, मी होतो म्हणून निभावलं. नाकावरच्या पट्टीबद्दल विचारलं तर म्हणाला, धावपळीत दार लागलं. नातेवाइकांनी त्याची पाठ थोपटली. मुकादम खाटेवरून हे सगळं ऐकत होता आणि पायथ्याशी उभी राहिलेली लेक डोळ्यांनी विनवत होती, बोलू नका. तो मूग गिळून पडून राहिला.

डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली आणि घरच्यांना बाहेर बोलावून ताकीद दिली, यांच्या मनाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका. झालं. मायलेकींनी संगनमत केलं. तिकडे सगळं छान चाललंय, जावई सुधारलाय, दारू सुटलीय. मुकादमाच्या बायकोला जावयाचा हात चालतो हे पहिल्यापासून ठाऊक होतं, पण तिचं आपलं एकच पालुपद. "अहो, दम धरा जरा. माणूस वळणावर येतो." लेक एकदा पोलिसांत जाऊन आली होती, तर तिथल्या साहेबांनी नवराबायकोला शेजारी शेजारी बसवून चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि घरी पाठवलं. घरी गेल्यावर काय झालं ते साहेबांना विचारायला सुचलं नाही.

मग हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचा व्यायाम सुरू झाला. लांब खोली, चालायचे पट्टे, सायकली, एका भिंतीला लागून लाकडाच्या चार पायऱ्यांचा खोटा जिना, आणि छातीत काही ना काही झालेली डझनभर माणसं. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम मुकादमाच्या लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "मुकादम, बरे झाल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं? प्रत्येकाला विचारते. तसा व्यायाम ठरवता येतो."

"तिसऱ्या मजल्यावर जायचंय."

"ओझं घेऊन?"

"जाताना मोकळा. येताना सामान आहे."

मॅडमना उत्तर फार आवडलं. बाकीचे पेशंट नातवंडं उचलायचीत, देवदर्शनाला जायचंय असलं काहीतरी गुळमुळीत सांगत.

सुरुवातीलाच एक भांडण झालं ते दमावरून. मुकादम खोट्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी छाती फुगवून श्वास कोंडून घेई आणि वर पोचल्यावरच सोडी. हमालाचं कामच तसं. कपाट पाठीवर असताना श्वास सोडला की कंबर सुटते, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं आणि त्यानं पुढं साऱ्या टोळीला.

"श्वास कोंडायचा नाही!" मॅडम ओरडल्या. "जोर लावताना सोडायचा. तुम्ही दम धरता तेव्हा सगळा भार हृदयावर जातो. त्या दिवशी काय केलं होतंत?"

मुकादमाला आठवलं. तीन मजले तो दम धरूनच चढला होता, आणि ठोसे मारतानाही श्वास छातीतच होता.

"एकूण काय," तो म्हणाला, "बायको म्हणते दम धरा, तुम्ही म्हणता सोडा, आणि डॉक्टर विचारतात लागतो का."

"तुमच्या हुद्द्यातच दम आहे, मुकादम," मॅडम हसल्या. "पण हळू चढा. चढताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की थांबायचं."

तो खाली मान घालून शिकला. पट्ट्यावर चालताना समोरच्या भिंतीत त्याला एकच चेहरा दिसे, आणि त्या चेहऱ्याशी तो हलक्या आवाजात बोलत चाले. मॅडमना वाटे, किती मन लावून करतोय बिचारा.

मोठ्या तपासणीचा दिवस ठरला. छातीला वायरी लावून पट्ट्यावर पळवायचं आणि हृदय किती सोसतं ते बघायचं. बायकोनं डोळ्यांत तेल घालून तयारी केली. आदल्या दिवसापासून चहा बंद, तपासणीआधी पोट रिकामं, सैल कपडे, बंद बूट. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलेली गोळी तिनं डब्यातून काढून पदराच्या गाठीला बांधून ठेवली, न जाणो चुकून तोंडात जायची. चहावाचून मुकादमाचं डोकं ठणकत होतं. सोबत लेकही आली होती, कारण आईला बीपीच्या मशिनवरचे आकडे वाचता येत नसत. उन्हाळ्याचे दिवस आणि अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. मुकादमाच्या ते लक्षात आलं नाही. हमालाचं लक्ष माणसाच्या पाठीकडे असतं, हातांकडे कोण बघतो!

नर्सनं त्याच्या छातीवरचे केस काढले, चकत्या चिकटवल्या, वायरी जोडल्या आणि त्याला आडवं केलं. पडद्यावर रेघ नाचायला लागली. "घरी बीपी कोण बघणार?" नर्सनं विचारलं. लेक पुढं झाली. "बसा, तुमच्याच हातावर दाखवते," असं म्हणून नर्सनं सवयीनं तिची बाही दंडापर्यंत सरकवली.

कोपराच्या वर इस्त्रीचं टोक उमटलेलं होतं. एक नव्हे. एकाखाली एक, जुनं काळं पडलेलं, त्याखालचं तांबडं, आणि सगळ्यात खालचं अजून ओलं. मधल्या जागेत बोटांचे निळे वळ होते.

मशिन किंचाळायला लागलं. रेघ वेडीवाकडी झाली, डॉक्टर धावत आले, जिभेखाली गोळी गेली. "काय झालं? छातीत दुखतंय?" डॉक्टर विचारत होते. तो नाही नाही म्हणत लेकीकडे बघत राहिला. तिनं बाही केव्हाच खाली ओढली होती. "ओट्याशी... गरम पाणी सांडलं," ती नर्सला म्हणाली. नर्स काही दुधखुळी नव्हती. हळूच म्हणाली, "वर समाजसेविका बसतात. नेऊ का?" लेकीनं नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी निकाल दिला, आज तपासणी नाही, आठवड्याभरानं बघू.

बायको औषधं आणायला गेल्यावर मुकादम म्हणाला, "पोरी, आजच चल घरी."

"तो येईल मागं. तुम्ही अंगावर जाल त्याच्या. आणि मग?" लेकीचा आवाज चिरका झाला. "त्या दिवशी तुम्ही पडलात तेव्हापासून रोज तेच ऐकवतो, बोलाव तुझ्या बापाला, या वेळी खांद्यावरूनच नेऊ. बाबा, मार मी सोसते. पण तुम्ही माझ्यापायी मेलात तर मी कुठं तोंड दाखवू? आधी ठणठणीत व्हा. डॉक्टर म्हणू देत बरे झालात म्हणून. मग येते मी. तुमची शपथ."

म्हणजे लेकीचं सुटणं आता त्या पडद्यावरच्या रेघेवर येऊन ठेपलं. मुकादमाच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण तिळपापड झाला की मशिन ओरडतं आणि मशिन ओरडलं की लेक तिथंच राहते, एवढं त्याला लख्ख कळलं. मग त्यानं जे केलं ते कुठल्याही डॉक्टरनं शिकवलं नसतं. रोज व्यायामाच्या खोलीत वायरी लावून पट्ट्यावर चढलं की तो मुद्दाम ती इस्त्री डोळ्यांपुढं आणी. तापलेली, लेकीच्या दंडाकडे येणारी. पहिल्या दिवशी मशिन ओरडलं. दुसऱ्या दिवशीही. तो श्वास सोडी, पाऊल टाकी, पुन्हा इस्त्री बघे. मांस जळल्याचा वाससुद्धा त्यानं मनात आणला. आठवडा सरला तेव्हा वास येत होता आणि रेघ शांत चालत होती. माणसाला राग येतो ते एक वेळ परवडलं. असा थंड पडलेला माणूस बघितला की मला तरी धडकी भरते.

तपासणी उत्तम झाली. पट्टा चढा झाला, वेग वाढला, मुकादम घामाघूम झाला, पण मध्येच डॉक्टरांनी विचारलं तर नीट बोलला. "शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "कामाला लागा हळूहळू. फक्त चिडायचं नाही."

"चिडत नाही हल्ली," मुकादम म्हणाला, आणि ते खरं होतं.

हॉस्पिटलातून तो घरी गेलाच नाही. लेकीच्या जिन्याशी आला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि श्वास सोडत चढू लागला. प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून थांबला. शेजारीण दारात होती, तिनं विचारलं, "काका, बरे आहात?" तो म्हणाला, "एकदम ठणठणीत," आणि बोलता येतंय याची खातरी करून पुढं निघाला.

दार जावयानं उघडलं. "या, सासरेबुवा! दम लागला असेल ना? की खाली ॲम्ब्युलन्स उभी करूनच आलात?"

"नाही लागला," मुकादम म्हणाला. "पोरी, चल. झालो बरा."

लेक आतून आली. ओठ फाटलेला होता. ती बापाच्या दिशेनं निघाली तोच जावयानं तिच्या वेणीला हात घातला आणि हिसडा मारून तिला गुडघ्यांवर आणलं. मुकादमानं ते मनगट धरलं. घाई केली नाही. कपाट अरुंद दारातून काढताना कोन बघावा तसा कोन बघितला, श्वास सोडला आणि पिळलं. हाड मोडल्याचा आवाज आला. जावई बोंबलत भिंतीवर गेला. एवढ्यात भागलं होतं. वेणी सुटली होती, दार उघडं होतं, लेकीला घेऊन उतरायचं होतं. पण मुकादमाची छाती दुखत नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्या हुकमात होती, आणि त्यानं दुसरा हातही धरला. तोही मोडला. मग गुडघा. मग खाली पडलेल्या त्या तोंडावर एकेक ठोसा, फुंकर घालत घालत, दात लागून स्वतःची बोटं फाटली तरी. जावई आधी शिव्या देत होता, मग पाया पडत होता, मग नुसता घोगरा आवाज काढत होता. शेजारीण दारात किंचाळत होती. मुकादमाची नाडी पट्ट्यावर चालावी तशी एका लयीत चालली होती.

"बाबा, बस! बाबा, मरेल तो!"

हाक आपल्याला आहे हे त्याला जरा वेळानंच समजलं. तो थांबला. उठून वळला. लेक भिंतीशी अंग चोरून बसली होती. तिला उठवायला म्हणून त्यानं हात पुढं केला, कोपरापर्यंत लाल झालेला, आणि म्हणाला, "चल पोरी."

लेकीनं डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो मागं घेतला, शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. "मी आहे, बाबा आहे," तो म्हणाला. ती ओळखत होती त्याला. तरी हात खाली येईनात.

अखेर ती उठली, सामान न घेता. जिना उतरताना तो पुढं होता. दर मजल्यावर तो थांबे आणि मागं बघे, आणि तो थांबला की तीही थांबे, त्याचा हात पोचणार नाही एवढं अंतर राखून.