सरकून द्यायची जागा

उदगीरकडच्या त्या कसब्यातल्या पिंपळाच्या पाराची एक रीत होती. तिथं आपणहून कुणी बसायचं नाही. आधी बसलेल्यानं जरा सरकायचं, "या, टेका" म्हणायचं, मगच नव्यानं बसायचं. साहेबरावाच्या बापाला चाळीस वर्षांत असं कुणी म्हणालं नाही. त्यानं गावाचे निरोप नेले, मयतीची खबर घेऊन कोसकोस चालला, अन् पाराखाली उन्हात उभा राहिला. छप्पन्न साली बौद्ध झाला, तरी उभाच. मेला बिचारा तसाच.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. साहेबराव सडकेच्या कामावर हजेरी कारकून, अन् पारावरचे मोठमोठे शेतकरी त्याच्या समोर खडी फोडायला. काय दिवस आले होते! त्यातल्याच गुरुपादप्पाच्या तळहाताला फोड आले, तेव्हा साहेबरावानं आपला रुमाल फाडून बांधला. गुरुपादप्पाचे डोळे भरले. म्हणाला, "साहेबराव, पाऊस पडू दे. पारावर ये. मी सरकून जागा करतो."

पाऊस पडायच्या आधीच साहेबरावाची बदली किनवटला झाली. तिथं बायको वारली, पोरगी पंचशीला सासरी गेली. माणूस एकटा पडला, अन् त्या एका शब्दावर दिवस काढत राहिला म्हणा ना.

रिटायर होऊन गावी आला, तर लातूर जिल्हा झालेला. बाजार एसटी स्टँडकडं सरकलेला, पोरं लातूरच्या कचेऱ्यांत, म्हातारे पोरांच्या मागं. पारावर शेळ्या. साहेबराव रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून जायचा अन् पाराजवळ उभा राहायचा. खुळाच की! पण बसायला मनच घेईना.

आठ-दहा दिवसांनी गुरुपादप्पा दिसला. घर विकून, किल्ली देऊन पिशवी घेऊन निघाला होता.

"अरे साहेबराव! उभा का? बस की. आता कोण हाय अडवायला?"

"आप्पा, तुम्ही आधी बसा."

"माझी लातूरची गाडी हाय. तू बस, सगळा पार तुझाच."

"रिकाम्या पारावर तर आमचा बापबी बसला असता, आप्पा."

गुरुपादप्पा थबकला. त्याला आठवलं, चेहऱ्यावर दिसलंच ते. पाराकडं एक पाऊल टाकलं त्यानं, अन् स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला.

"पुढल्या खेपेला नक्की बसू," म्हणाला अन् लगबगीनं गेला.

"हाव," साहेबराव म्हणाला. घर विकलेल्या माणसाची पुढली खेप कसली, हे त्याला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथंच जाऊन उभा राहिला.