कानस, कोंबडा आणि गरम बटाटा

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. लोखंड घासून गुळगुळीत करणे हे माझे काम. माझ्या अंगावर बारीक दातांच्या ओळी आहेत आणि स्वभावात एक खोड आहे. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट त्या खोडीचीच आहे.

एका कारखान्यात मला लालबुंद तापवले आणि गार पाण्यात बुचकळले. तेव्हापासून मी अशी कडक आहे. मग एका किल्लीवाल्याने मला विकत घेतले. त्याची पद्धत ठरलेली होती. कानशीचे दोन हात मारायचे, फुंकर मारायची, अंगठ्याने चाचपायचे आणि पुन्हा दोन हात. घाईची किल्ली कुलपात अडकते, असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा. संध्याकाळी मला ब्रशने झाडताना म्हणायचा, हिच्यासारखी दुसरी नाही. ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

पुढे दुकानात किल्ल्या कापायचे मशीन आले. घर्र केले की किल्ली तयार. लोक तोंडात बोटे घालायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गरज सरो, वैद्य मरो. मी घरातल्या एका खणात सुतळीच्या गुंड्याशेजारी गंजत पडले.

किल्लीवाला म्हातारा झाला, दुकान मुलाने घेतले. म्हाताऱ्याने परसात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. कोंबड्याचा तोरा असा, की सगळे त्याला फौजदार म्हणत. त्याच्या दोन्ही पायांना मागच्या बाजूने एकेक काटा वाढला होता, बोटाएवढा लांब आणि सुईसारखा टोकदार. त्या काट्यांनी कोंबड्यांच्या पाठी सोलवटून निघाल्या. एक दिवस सून अंडी काढायला वाकली, तर फौजदाराने तिच्या पोटरीतून रक्त काढले. ती आरडाओरडा करती तर बरे झाले असते.

"बाबा, रविवारपर्यंत याचं काहीतरी करा," ती शांतपणे म्हणाली. "नाहीतर सोमवारी मी खाटकाला बोलावते."

म्हाताऱ्याला घास गोड लागेना. फौजदार दिवसभर त्याच्या मागेमागे फिरायचा, तो बसला की शेजारी बसायचा. म्हाताऱ्याने खण उघडला, मला बाहेर काढले, गंज पुसला. किती वर्षांनी त्या अंगठ्याचा स्पर्श झाला! तेवढ्यात शेजारचा न्हावी आला. केसांपासून राजकारणापर्यंत सगळ्यातले त्याला कळते. कानशीने घासत बसाल तर संध्याकाळ होईल, असे तो म्हणाला. त्याच्याकडे झटपट उपाय होता. उकडलेला गरम बटाटा काट्यावर खुपसून धरायचा, की काट्याचे टरफल सुटते आणि पिळले की निघून येते. म्हाताऱ्याने मला स्टुलावर ठेवून दिले. मित्रांनो, मशीनपुढे हरणे मी एकवेळ समजू शकते. पण बटाटा?

रविवारी सुनेने फौजदाराला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले. डोळे झाकताच तो गप्प झाला. न्हाव्याने वाफाळता बटाटा डाव्या काट्यावर खुपसला. सगळ्यांच्या नजरा त्या बटाट्यावर आणि मी बाजूला. मी जळून खाक झाले. मनापासून म्हटले, फसू दे याचे.

आणि फसले. बटाटा फुटला, गरम गर फौजदाराच्या पायावर सांडला. त्याने हिसका दिला आणि अर्धवट सुटलेले टरफल न्हाव्याच्या हातात आले. आतला कोवळा भाग उघडा पडून रक्त वाहू लागले.

मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू? पण टॉवेलातून जो आवाज आला, तो फौजदाराचा वाटेना. एखादे पिल्लू ओरडावे तसा तो होता. माझा आनंद तिथेच विरला.

सुनेने भाजल्या जागेवर गार पाणी ओतले. जखमेवर कॉर्नफ्लॉर दाबून रक्त थांबेपर्यंत स्वच्छ फडके धरून ठेवले. न्हावी मान खाली घालून उभा राहिला.

"बाबा, उजवा पाय तुमच्या पद्धतीने करा," सून म्हणाली. "मी धरते. लागू दे कितीही वेळ."

म्हाताऱ्याने मला उचलले. दोन हात, फुंकर, अंगठा. काट्याच्या आत जिवंत भाग असतो, म्हणून त्याने फक्त टोक घासले. काटा गरम लागला की तो थांबायचा. टोक वाटाण्यासारखे बोथट झाल्यावर त्याने मला खाली ठेवले. संध्याकाळ झाली होती. फौजदार टॉवेलात झोपला होता.

सोमवारी खाटिक आला नाही. फौजदार आठवडाभर गवताच्या खोक्यात वेगळा राहिला, त्याच्या पायाला सून स्वतः मलम लावायची. उरलेला बटाटा मात्र कोंबड्यांनी मिटक्या मारत खाल्ला. फसूनही तो कुणाला तरी आवडलाच, हे मला अजून सलते.

दोन्ही काटे पुन्हा वाढतात, म्हणून आता दर दोन-तीन महिन्यांनी मला बाहेर काढतात. मित्रांनो, जिवंत अंगाला हात लावताना घाई करू नका आणि काम झाले की आम्हा अवजारांना कोरडे पुसून ठेवा. फौजदाराच्या डाव्या पायावर एक पांढरा डाग राहिला आहे. न्हावी आला की तिकडे बघायचे टाळतो. मला मात्र दर वेळी त्या डागाच्या अगदी जवळ जावे लागते.