कबुतरवाल्याची साक्ष

"तुमची बेगम आलीय," करुणा स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

बन्सी साळवे पहिली पाळी करून वाळूजहून नुकताच घरी आला होता आणि मोरीत हातावरचं मशीनचं तेल खरवडत होता. त्याच्या हातातला साबण निसटला. कोण बेगम, असं विचारायची सोयच नव्हती. साऱ्या छावणीत बन्सीची बेगम एकच, आणि ती महिन्याभरापूर्वी फुलंब्रीला गेली होती. कायमची.

तो ओल्या हातांनीच गच्चीवर धावला. पाण्याच्या टाकीवर राखी रंगाची, मानेवर हिरवी झाक असलेली ती कबुतरी बसली होती, बाजारातून भाजी घेऊन परत आल्यासारखी निवांत. त्याला पाहताच ती उडाली आणि खांद्यावर येऊन बसली. बन्सीला आधी आनंदच झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. छाती भरून आली. आणि मग उद्याची आठवण झाली.

बन्सीच्या मंडळीत, म्हणजे त्याच्या चर्चच्या लोकांत, एक रीत होती. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की पहिल्या रविवारी एकेकानं चर्चमध्ये उठून आपण काय सोडणार ते सगळ्यांसमक्ष सांगायचं. कुणी मटण सोडी, कुणी मालिका, कुणी जर्दा. ईस्टर झाला की मटण, मालिका आणि जर्दा सुखरूप घरी परतत. यंदा बन्सी उठला आणि म्हणाला, मी कबुतरं सोडतो, आणि तीही जन्मभरासाठी. चर्चमधल्या साऱ्या माना मागं वळल्या. उपासनेच्या वेळी गच्चीवर उभा राहून शिट्ट्या मारणारा माणूस हा. मिसरूड फुटायच्या वयात जुन्या शहरातल्या एका उस्तादाकडून त्यानं हा नाद उचलला. पुढं लग्न झालं, रूपा झाली, ती नर्सिंगला गेली, तरी नाद सुटला नव्हता.

पण पन्नाशी जवळ आली तसं त्याला काहीतरी टोचू लागलं. कंपनीत तो ऑपरेटर म्हणून लागला आणि ऑपरेटरच राहिला. मंडळीत तर त्याला आडनावही नव्हतं, नुसता कबुतरवाला. परवापरवापर्यंत चड्डीत फिरणारी पोरं मंडळीचे वडील होऊन, कोट घालून प्रभुभोजनाचं ताट फिरवत होती आणि बन्सी मागच्या बाकावरून हात पुढं करत होता. हे मंडळीचे वडील म्हणजे कारभार बघणारी, मान असलेली माणसं. त्यांच्या ओळीत आपण का नाही? एका संध्याकाळी प्रार्थनेत तो ढसाढसा रडला, प्रभू, मला चांगला माणूस कर म्हणाला. ते रडणं खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात त्यानं शिंप्याकडे कोटाचं माप दिलं, तेही खोटं नव्हतं.

चर्चचे पाळकसाहेब तर हरखूनच गेले होते. उद्या झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आदला. उद्या बन्सीनं मंडळीपुढं साक्ष द्यायची, आपण कसे बदललो ते सांगायचं, आणि लगेच वडील म्हणून त्याचं नाव पुढं यायचं, असं ठरलं होतं. आणि आज ही बया खांद्यावर.

बन्सीनं फुलंब्रीच्या सखारामला फोन लावला. सगळी कबुतरं त्यानंच नेली होती.

"आज ढाबळ उघडली मी पहिल्यांदा," सखाराम म्हणाला. "बाकीची आंगणातच उतरली. ती एकटी वर गेली, एक गिरकी मारली अन् सुटली तुमच्याकडं." मग म्हणाला, "तिचे पंख तुम्ही बांधलेच नव्हते, भाऊ. मी तवाच पाहिलं व्हतं. म्हणलं, माणसाचं मन असतंय, कशाला बोलायचं."

कबुतर दुसऱ्या घरी दिलं की नव्या ढाबळीला सरावेपर्यंत त्याचे पंख दोऱ्यानं बांधून ठेवतात. बन्सीनं स्वतःच्या हातानं सगळ्यांचे बांधले होते. बेगमचे विसरलो असेन, असं तो म्हणाला. "असंल," सखाराम म्हणाला. आपण विसरलो नव्हतो, हे बन्सीला त्या एका शब्दातून पुरतं कळलं.

"आता बांधून भागायचं नाय," सखाराम पुढं म्हणाला. "तिनं रस्ता पाहिलाय. पंख कापूनच द्या. सोमवारी येऊन नेतो."

फोन ठेवतो न ठेवतो तोच दारात मोटारसायकल थांबली. पाळकसाहेब वयानं लहान, मनानं चांगले आणि उत्साहानं ओसंडून वाहणारे. "सलाम, बन्सीभाऊ" म्हणत ते आत आले, खुर्चीवर बसले आणि उद्याची साक्ष कशी सुरू करायची ते समजावू लागले. एकदा सोडल्यावर मागं वळून पाहिलं नाही, हे जरूर सांगा म्हणाले. बन्सी मान हलवत होता, पण त्याचे कान छताकडे होते. वर बेगमचं घुमणं सुरू झालं होतं. त्यानं उठून पंखा मोठा केला. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली, तेव्हा तर तिनं असा काही सूर लावला की त्यांचेही डोळे उघडले.

"शेजाऱ्यांनीपण पाळलीत वाटतं?" त्यांनी हसत विचारलं.

"जंगली येत्यात कधीमधी," बन्सी म्हणाला. डोक्यावर अजून त्यांचा हात होता.

चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या करुणानं नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. पाळकसाहेबांची मोटारसायकल गेली. मग ती म्हणाली, सरळ सांगून टाकायचं होतं, एक राहिलीय म्हणून. माणूस भला आहे, समजून घेतलं असतं.

"अन् उद्या साऱ्या मंडळीत?"

"देव काय तुम्हाला हाकलून देणारंय का?"

"देव नाय. माणसं हसतील."

करुणानं कपबशा गोळा केल्या. "एक विचारते. राग मानू नका. कबुतरं सोडली, ती देवासाठी का कोटासाठी?"

बन्सीला तिचा भयंकर राग आला. माणसानं सुधरूच नये का, जन्मभर शिट्ट्याच मारत राहायचं का, असं तो तावातावानं बोलत सुटला. सुधरा की, मी कुठं नाय म्हणते, एवढंच करुणा म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

दिवस मावळायच्या आत तो रूपाची कात्री घेऊन वर गेला. बेगम निमूट हातात आली. पंखात ऊ-पिसू झाली का ते बघायला तो नेहमीच तिचे पंख उघडी, म्हणून तिनं आपणहून पंख सैल सोडला. लांब पिसं एकेक करून खाली पडली.

"दुखत नाय तिला," तो मोठ्यानं म्हणाला. "नखं कापल्यागत असतंय. दिवाळीपर्यंत नवी येतील."

गच्चीवर त्याचं ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये झावळ्यांची गर्दी आणि मरणाचं ऊन. कोट काखेत आवळत होता. बन्सी उभा राहिला आणि साक्ष चांगली झाली. नाद कसा लागला ते त्यानं सांगितलं, घराकडं कसं दुर्लक्ष झालं ते सांगितलं. शेवटी म्हणाला, "माझ्या गच्चीवरून आता एकसुद्धा कबुतर उडत नाही." यात खोटं एक अक्षर नव्हतं. मागच्या बाकांवरून आमेनचा गजर झाला. त्याला स्वतःला मात्र आमेन म्हणता आलं नाही. नाव पुढं आलं, हात वर झाले. करुणाचाही झाला, जरा उशिरानं. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली.

उपासनेनंतर पाच-पंचवीस माणसं अभिनंदनाला घरी आली. खुर्च्या आणतो, असं सांगून बन्सी गच्चीवर गेला.

बेगम पालथ्या बादलीवर बसली होती. त्याला पाहताच नेहमीसारखी खांद्याकडे झेपावली आणि धपकन त्याच्या पायाशी पडली. उठली, अंग झटकलं, बादलीवर चढली आणि पुन्हा झेपावली. पुन्हा पडली. मग ती चालतच आली, त्याच्या नव्या बुटावर चढली आणि वर पाहू लागली.

बन्सी कोटासकट तापलेल्या फरशीवर बसला. खिशात चार दाणे जोंधळे असायचे, म्हणून त्यानं हात घातला, पण नव्या कोटाचे खिसे अजून शिवलेलेच होते. त्यानं रिकामाच तळहात पुढं केला. ती त्यावर चढून बसली आणि बोटांच्या बेचक्यांत चोच घालून दाणा शोधू लागली.

"वडील," खालून कुणीतरी आदरानं हाक मारली. "अहो वडील, या की खाली. चहा गार होतोय."

ही हाक ऐकायला तो किती वर्षं थांबला होता. पण हात हलला तर ती पडेल, म्हणून तो तसाच, हात पुढं करून, बसून राहिला.