चाळीसच्या पुढची शीळ

“मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही? गाडी चाळीसच्या पुढे गेली की शीळ घातल्यासारखा आवाज येतो, असं सांगितलं होतं की नाही?”

सिस्टर ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर नाडीवाल्यांना जरा हलकं वाटलं असतं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुणं, इंजेक्शनं देणं हे त्यांचं काम. आवाज चढवायची सवयच नव्हती त्यांना.

“सांगितलं होतं,” नाडीवाले म्हणाले.

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“टायरचा आवाज असेल म्हणालो.”

सिस्टरांची छोटी पांढरी विजेची गाडी नुकतीच दुसऱ्या गाडीला बांधून वर्कशॉपमध्ये ओढत आणली होती. मागचा दिवा फुटला होता, पत्रा आत गेला होता. आदल्या दिवशी उतारावरच्या चौकात मोटरने दोन आचके दिले आणि गाडी जागच्या जागी मेली. मागून येणारी व्हॅन आदळली. मागच्या सीटवर एक सत्त्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. सिस्टर त्यांना तपासणीला नेत होत्या. आजींचं मनगट मोडलं.

“आमच्या ऑफिसने तुमच्या साहेबांना फोन केला होता. साहेब म्हणाले, बाईंनी गाडी पाण्यातून घातली असेल. आता माझ्याकडून खुलासा मागितलाय.” सिस्टरांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. “मी गाडी पाण्यातून नेलेली नाही. तुम्ही मोटर उघडा आणि आत जे दिसेल तेच लिहा. बाकी मला काही नको.”

एवढं बोलून त्या पायीच निघाल्या. पुढच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं.

नाडीवाले हे त्यांचं खरं नाव नव्हे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि दहा आकडे मोजून दुखणं सांगायचं, ही त्यांची पद्धत. त्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकतीस वर्षं झाली. आधी पंखे, मग पाण्याचे पंप, आणि गेली नऊ वर्षं या छोट्या गाड्या. “वरचं कातडं बदललं, मोटर तीच,” असं ते म्हणत. या गाड्यांची दुखणीही त्यांना घरच्या माणसांसारखी ओळखीची होती. कनेक्टरमध्ये ओल गेली की गाडी पावसात रुसते. सेन्सरची वायर सैल झाली की उचक्या देते. ताण पडून आतल्या तारांचं वाइंडिंग करपलं की वासच येतो. आणि बेअरिंग गेलं की आधी शीळ घालते, मग कण्हते, मग एक दिवस बसते. कॉम्प्युटरला यातलं शेवटचं दुखणं उशिरा कळतं. नाडीवाल्यांना आधी कळायचं.

दुपारी त्यांनी मोटर बाकावर घेऊन उघडली. समोर लॅपटॉपवाली होती. मुलगी दीड वर्षापूर्वी कामाला लागली होती. गाडीला वायर जोडून पडद्यावर बिघाड वाचायचं काम तिचं, म्हणून ती लॅपटॉपवाली.

कनेक्टरमध्ये थोडी ओल होती, प्रत्येक गाडीत असते तेवढीच. वाइंडिंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखं लखलखत होतं. मग त्यांनी बेअरिंग बाहेर काढलं. आतलं ग्रीस काळं पडून वाळलं होतं. पुसून पाहिलं तर गोळ्या फिरतात त्या वाटेवर बारीक आडव्या रेघांची रांगच रांग, कुणीतरी कंगवा दाबून धरावा तशी.

“करंट गेलाय यातून,” ते म्हणाले. “शाफ्टमधून चोरवाट काढतो, ठिणग्या पडत राहतात आणि पोलाद असं खात जातो. शाफ्ट डगमगला, सेन्सर गोंधळला, गाडीने वीज तोडली.”

मुलीने बेअरिंग बोटावर चढवून फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. “ई! काका, काय करकरतंय हे! दातात खडा आल्यासारखं.”

नाडीवाल्यांनी बेअरिंग फिरताना पाहिलं. बोटावर घेतलं तेव्हा त्याची थरथरही नीट लागली. पण दातातला खडा काही त्यांना ऐकू आला नाही. लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी नुसती खरखर आली.

त्यांनी बेअरिंग खाली ठेवलं. अशा रेघा पडायला कित्येक महिने लागतात. म्हणजे एकोणीस दिवसांपूर्वी सिस्टर गाडी घेऊन आल्या तेव्हा शीळ होती. गाडी वर उचलून, चाकं फिरवून, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून त्यांनी ती ऐकायचा प्रयत्न केला होता, आणि काही नाही म्हणून कागदावर सही केली होती.

“ती कोपऱ्यातली निळी गाडी आली ना सकाळी,” ते मुलीला म्हणाले, “ती उचलून चाळीसवर पळव. आणि काय ऐकू येतं ते सांग.”

“तुम्हीच ऐका की. मला काय कळतंय.”

“सांग तर.”

चाकं फिरू लागली. मुलीने मान कलती केली. “येतोय. बारीक आहे. चहाचं आधण यायच्या आधी भांडं गातं ना, तसा.”

नाडीवाल्यांनी डोळे मिटले, मूठ कानाला लावली. दहा मोजले. वीस मोजले. कानात कापूस भरलेला असावा तसं सगळं स्वच्छ, मऊ होतं.

“काका? येतोय ना?”

“बंद कर,” ते म्हणाले.

*

घरी बायको टेबलावर भाजी निवडत बसली होती. ते समोरच्या खुर्चीवर बसले. बूटही न काढता त्यांनी शीळ, आजींचं मनगट, सगळं सांगितलं.

“मला ऐकू कमी येतं का गं?”

तिचे हात थांबले. तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “हो.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं होऊन गेली.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते,” ती म्हणाली. “तुम्हाला ऐकू आलं नाही.”

दोघंही हसली. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की गेली दोन वर्षं ती बोलताना नेहमी समोर येऊन बोलते. मागून हाक मारत नाही, खांद्याला हात लावते. दाराची घंटा वाजली की तीच उठते. त्यांना वाटायचं, वयाने माया वाढली असेल.

“कामावर कळलं तर?” ते म्हणाले. “कानावरच तर पोट चाललंय माझं.”

ती भाजीच्या काड्या गोळा करत म्हणाली, “त्या आजींचं मनगट कुणाच्या कानामुळे मोडलं?”

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी छापलेला अहवाल पुढे केला. ‘पाणी शिरल्यामुळे मोटरमध्ये बिघाड. वापरातील निष्काळजीपणा.’ खाली सहीची जागा मोकळी होती.

“कनेक्टरमध्ये ओल होती की नाही?”

“होती. फडक्याने पुसली, गेली. बिघाड बेअरिंगचा आहे साहेब.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं. “नाडीवाले, जरा डोकं चालवा. एकोणीस दिवसांपूर्वीच्या तपासणीवर सही कुणाची आहे? तुमची. मी कुणाला वाचवतोय, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

“मग?”

“त्या बाईंची नोकरी जाईल.”

“खुलासा देतील. जात नाही अशी लगेच कुणाची नोकरी.”

नाडीवाल्यांनी खिशातलं पेन काढलं. छापलेल्या दोन ओळींवर शांतपणे आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘बिघाड बेअरिंगचा. एकोणीस दिवसांपूर्वी गाडी तपासायला आणली तेव्हा आवाज येत होता. तपासणाऱ्याला तो ऐकू आला नाही. गाडी चालवणाऱ्या बाईंची काहीही चूक नाही.’ आणि सही केली.

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. “‘ऐकू आला नाही’? असं कुणी लिहितं का हो?”

“झालं ते लिहिलं.”

“मग आता तुम्हाला तपासणीवर कसं ठेवू मी?”

“ठेवूच नका,” नाडीवाले म्हणाले. “मी तेच सांगायला आलो होतो. ऐकायचं काम त्या मुलीला द्या. तिचा कान चांगला आहे, तिला अजून माहीत नाही एवढंच. मोटरी उघडायचं माझ्याकडे राहू द्या. हात शाबूत आहेत.”

साहेब पेपरवेट फिरवत म्हणाले, “वर विचारावं लागेल.” आणि तो कागद त्यांनी फाडला नाही, फाइलला लावला.

अहवालाची प्रत घेऊन नाडीवाले स्वतः सिस्टरांच्या ऑफिसात गेले. सिस्टर जिन्याखालच्या बाकावर बसून डबा खात होत्या. नाडीवाल्यांनी उभ्यानेच कागद दिला. सिस्टरांनी हात पुसले, वाचलं. ‘ऐकू आला नाही’ या ओळीवर त्यांची नजर थांबलेली नाडीवाल्यांना दिसली.

“आजी कशा आहेत?” नाडीवाल्यांनी विचारलं.

“प्लास्टर आहे चार आठवडे. तुम्हाला शिव्या घालतात. अगदी मनापासून.”

“घालायलाच हव्यात. मी जाऊन समोर ऐकून घेतो. मोठ्याने घाला म्हणतो.”

सिस्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते अर्ध्यावर ठेवलं. बाकावर सरकून त्यांनी जागा केली. “बसा. कान दाखवलेत का कुणाला?”

“नाही.”

“माणसं डोळे दाखवतात, दात दाखवतात. कानांची कसली एवढी लाज?” त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढून पत्ता लिहिला. “शनिवारी जा. गर्दी नसते. माझं नाव सांगा.”

*

शनिवारी कानाच्या डॉक्टरीण बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाल्या. बटण फारसं दाबावं लागलं नाही. मग बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांपाशी, बरी चालली होती, उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती.

“जाड आवाज येतात तुम्हाला. बारीक गेले. आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते झिजलेत. मशीनच्या आवाजात काम करणाऱ्यांचं होतं असं.”

“बदलून मिळत नाहीत?”

“नाही हो.”

“आमच्याकडे अख्खी मोटर बदलतात,” नाडीवाले म्हणाले.

बाई हसल्या आणि त्यांनी दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवली. “सुरुवातीला सगळं पत्र्यासारखं वाजेल. घाबरू नका. मोटरींचा आवाज मात्र पहिल्यासारखा नाही येणार कधी.”

“ते सोडलंय मी,” ते म्हणाले.

बाहेर सगळं खरंच पत्र्यासारखं वाजत होतं. पिशव्यांचा चुरचुराट, चपला, कुणाच्या तरी किल्ल्या. जिना चढताना स्वतःचा श्वास ऐकून ते दचकले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते आत आले.

बायको आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून पलंगावर बसली होती आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती बोलत होती. नाडीवाल्यांना वाटलं, कुणी आलंय. पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“...वरच्या वहिनींचा मुलगा परीक्षा पास झाला. हो ना, चांगलंच झालं. मी म्हटलं त्यांना, आमच्या ह्यांनाही आनंद होईल.” तिने शर्टाची बाही दुमडली. “बटण तुटलंय बघा याचं. असू दे, लावते. तुम्हाला कुठे सापडणार सुईदोरा.”

अगदी हळू, स्वतःशी पुटपुटावं तसा आवाज होता. पण मधे मधे ती थांबत होती, उत्तरापुरती जागा सोडावी तशी, आणि मग पुढे बोलत होती. त्यात कुरकुर नव्हती. सवयीचा, रोजचा सूर होता. दोन वर्षांत हा सूर त्यांच्या मागे किती वेळा असा लागून गेला असेल, कोण जाणे.

नाडीवाले उंबऱ्यावर उभे राहिले. आत जावं की नाही, त्यांना कळेना.

“आज गुडघा जरा बरा आहे,” ती चादरीची दोन टोकं जुळवत म्हणाली. “तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.”

त्यांनी बूट काढले. आवाज होऊ न देता आत गेले, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि चादरीची खाली लोंबणारी दोन टोकं उचलून हातात धरली.

“डावा की उजवा?” त्यांनी विचारलं.

तिने मान वर केली नाही. चादर दोघांच्या मधे ताणली गेली.

“डावा,” ती हळूच म्हणाली.